आमच्या मुलांबद्दल काय लिहिलंत ते आम्हालाही वाचू द्या : शिक्षण आणि भाषेवर संशोधन करणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
शिक्षण, भाषा आणि माध्यमं या विषयांवर आमच्या भागात अभ्यास करणारे प्राध्यापक, पीएचडीचे विद्यार्थी, सर्व्हे करणाऱ्या संस्था, त्यांना निधी देणारे आणि त्यांना शाळेत यायची परवानगी देणारे अधिकारी यांना,

सप्रेम नमस्कार.

मी मेळघाटात धारणी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. माझी भाषा मराठी, माझ्या वर्गातल्या जवळजवळ सगळ्या मुलांची कोरकू. पत्र लिहायचं कारण असं की मागच्या वर्षी एका प्रकल्पाची माणसं आमच्या शाळेत येऊन गेली, मुलांच्या चाचण्या घेतल्या, पालकांच्या मुलाखती घेतल्या, घरात टीव्ही आहे का, मोबाईल कुणाचा, काय बघता, कोणत्या भाषेत बघता हे सगळं टॅबमध्ये भरून नेलं. आता मी फोन करून विचारलं की त्यातून काय निघालं, तर म्हणाले पेपर छापून आलाय, लिंक पाठवतो. लिंक आली, उघडली, तर पेपर इंग्रजीत आणि वाचायचा तर डॉलरमध्ये पैसे भरा. मी म्हटलं निदान दोन पानं मराठीत लिहून द्या, आम्ही शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत वाचू. त्यावर उत्तर आलं की भाषांतराची तरतूद बजेटमध्ये नव्हती आणि आता प्रकल्प बंद झालाय.

त्या संस्थेचं नाव मी घेणार नाही, कारण हे एका संस्थेचं वागणं नाहीये, ही पद्धतच पडून गेलीये. आणि जी पोरंपोरी सर्व्हेला येतात त्यांच्यावर माझा अजिबात राग नाही. खडखडत्या एसटीतून येतात, जिथे जागा मिळेल तिथे झोपतात, मुलांशी प्रेमाने बोलतात. माझी तक्रार वरच्या लोकांकडे आहे, जे प्रश्न ठरवतात, पैसा ठरवतात आणि शेवटी कुठल्या भाषेत कुणासाठी लिहायचं ते ठरवतात. म्हणून हे पत्र तुम्हाला, आणि ते सगळ्यांसमोर, कारण असं एकेकट्याने फोन करून विचारणारे शिक्षक गडचिरोलीत असतील, नंदुरबारला असतील, पालघरला असतील.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. संशोधन नको असं माझं म्हणणं नाही, उलट मला ते पाहिजे आहे. कोरकूत तीन वचनं असतात, एकासाठी, दोघांसाठी आणि दोघांपेक्षा जास्त असतील त्यांच्यासाठी वेगळं, हे मला कुठल्याही सरकारी प्रशिक्षणात कुणी सांगितलं नाही. भाषाशास्त्राचा एक विद्यार्थी गावात आला होता, त्याने चहा पिता पिता सांगितलं. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा आहे, मराठी-हिंदीशी तिचं नातं नाही, ती संथाली-मुंडारीच्या घरातली, हेही त्यानेच सांगितलं. त्या दिवसापासून मुलांच्या वहीतल्या वचनाच्या चुका मी वेगळ्या नजरेने तपासायला लागले. म्हणजे तुमच्याकडे जे आहे ते आमच्या खरंच कामाचं आहे, आणि तेच आमच्यापर्यंत येत नाही.

आता तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार चाचणीच्या भाषेची आहे, यावर मी जरा जास्त लिहिणार आहे.

2011 च्या जनगणनेत कोरकू ही मातृभाषा सांगणारे 7 लाख 27 हजार लोक आहेत. गोंडी सांगणारे जवळपास 30 लाख, भिली आणि तिच्या गटातल्या बोली सांगणारे 1 कोटीच्या वर. ही काही चार घरांची बोली नाही. तरीपण पहिली-दुसरीच्या मुलाची "वाचन क्षमता" तपासायला तुम्ही येता तेव्हा कागद मराठीत, सूचना मराठीत, विचारणारा माणूस अनोळखी आणि तोही मराठीत बोलणारा. मूल गप्प बसतं. तुमच्या टॅबमध्ये गप्प बसण्यासाठी शून्य हाच पर्याय असतो. मग शेकडो शून्यांची सरासरी निघते आणि छापून येतं की आदिवासी विद्यार्थी अपेक्षित पातळीच्या मागे आहेत.

कशात मागे, हे त्या सरासरीत दिसत नाही. माझ्या वर्गात दोन वेगळ्या प्रकारची मुलं आहेत. काहींना अक्षरंच जुळवता येत नाहीत, त्यांना अक्षर, काना, मात्रा यावर काम हवं. दुसरी मुलं मराठीचा परिच्छेद धडाधड वाचतात, एकही चूक नाही, आणि वाचून झाल्यावर काय वाचलं विचारलं तर काही सांगता येत नाही कारण शब्दच ओळखीचे नाहीत. तोच मजकूर कोरकूत बोलून दाखवला की हसतात, पुढची गोष्ट आपल्या मनाने जोडतात. या दोघांचं औषध पूर्ण वेगळं आहे, आणि तुमच्या तक्त्यात दोघं एकाच रकान्यात असतात. वरून मग आदेश येतो की वाचनाचा सराव वाढवा. जे मूल आधीच घडाघडा वाचतंय त्याचा आणखी सराव घेऊन काय होणार, त्याला भाषा पाहिजे, समजणारी भाषा.

गणिताचंही तेच. होळीच्या सुमारास मोह पडायला लागतो तेव्हा चौथीतली मुलगी आईबरोबर मोह वेचते, वाळवते, बाजारात मोजून विकते, व्यापाऱ्याने किती दिले आणि किती द्यायला पाहिजे होते हे तिला तोंडावर येतं. शाळेत मात्र शाब्दिक उदाहरणाला तिला शून्य. चाचणीने तिचं गणित मोजलंच नाही, मराठी मोजली आणि नाव गणिताचं दिलं.

"असर"च्या सर्वेक्षणाबद्दल मला आदर आहे, 2005 पासून ते घरी जाऊन मुलांना वाचायला देतात, दुसरीच्या पातळीचा मजकूर पाचवीच्या मुलाला येत नाही ही गोष्ट त्यांनी साध्या भाषेत सगळ्या देशाला सांगितली, आई-बापाला कळेल अशा पद्धतीने सांगितली, आणि सरकारांना ते मान्य करावं लागलं. पण त्यांच्याकडेही कोरकूत मजकूर नाही. डिसेंबर 2024 मध्ये केंद्राचं "परख" सर्वेक्षण झालं, तिसरी, सहावी आणि नववीचं, त्यातही नाही. शिकवायची भाषा शाळेची असते म्हणून चाचणी शाळेच्या भाषेत, हे मला समजतं. मग निष्कर्षात तसं लिहा ना, की हे दुसऱ्या भाषेतलं वाचन आहे. एवढं एक वाक्य पहिल्या पानावर आलं तरी जिल्ह्यात बसलेल्या साहेबांना आमच्या शाळेकडे वेगळ्या नजरेने बघावं लागेल.

दुसरी तक्रार वेळेची. दिवाळी झाली की आमच्या गावातली कितीतरी कुटुंबं कामाला बाहेर पडतात, कुणी परतवाडा-अकोटकडे, कुणी अमरावतीकडे, कुणी मध्यप्रदेशात, आणि होळीला परत येतात. होळी हा कोरकूंचा सगळ्यात मोठा सण, त्याला माणूस कुठेही असला तरी गावी येतो. हे इथल्या कुणालाही विचारलं असतं तर कळलं असतं. तरीही सर्व्हे येतात ते बरेचदा जानेवारी-फेब्रुवारीत, कारण तेव्हा रस्ते कोरडे असतात आणि मार्चच्या आत पैसे खर्च करायचे असतात. त्या वेळी जी मुलं वर्गात असतात ती मागे आजीपाशी राहिलेली किंवा ज्यांच्या घरी थोडी शेती आहे अशी. बाकीच्यांपुढे गैरहजर. मग निष्कर्षात अनियमित उपस्थिती आणि पालकांची अनास्था असे शब्द येतात. अनास्था! मुलाला कडेवर घेऊन वीटभट्टीवर जाणाऱ्या आईला हा शब्द लावण्याआधी एकदा होळीच्या आठवड्यात या, सगळे भेटतील.

तिसरी, संमतीची. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचना आहेत, आरोग्याच्या संशोधनासाठी आहेत पण सामाजिक अभ्यास करणारे पण त्यांचाच आधार घेतात, त्यात स्पष्ट आहे की माहिती समोरच्याला कळणाऱ्या भाषेत द्यायची आणि 7 वर्षांपुढच्या मुलाची स्वतःचीही तयारी विचारायची, नुसत्या आई-वडिलांच्या सहीवर भागत नाही. माझ्यासमोर काय होतं तर छापील फॉर्म, तो एकतर इंग्रजीत नाहीतर अशा मराठीत की मलाही दोनदा वाचावा लागतो, आणि त्यावर अंगठा. बरेचदा तो अंगठा मीच घेऊन द्यावा अशी अपेक्षा असते, मॅडमनी सांगितलं की गावातले लोक नाही म्हणत नाहीत. ही माझ्यावरच्या विश्वासाची गोष्ट आहे. उद्या कुणी येऊन विचारलं की आमच्या पोराबद्दल काय लिहिलं, तर मी काय सांगू? मलाच माहीत नाही.

चौथी, माध्यमांची. करोनात "शाळा बंद पण शिक्षण आहे" हा उपक्रम होता, जुलै 2020 पासून सह्याद्री वाहिनीवर "टिलीमिली" लागायचं, कल्पना चांगली होती, मुलांच्या घरातलं आणि परिसरातलं घेऊन शिकवायचे. पण आमच्याकडे किती घरात टीव्ही, त्यात वीज किती वेळ, आणि भाषा मराठी. त्या काळात डिजिटल शिक्षणावर भरपूर अभ्यास झाले आणि त्यातले पुष्कळ फोनवरून झाले. फोनवरून विचारलं की कुणाकडे फोन आहे, तर उत्तर कुणाचं येणार? ज्याच्याकडे फोन आहे आणि रेंज आहे त्याचंच. आमच्याकडे अशी गावं आहेत जिथे रेंजसाठी टेकडीवर जावं लागतं, ती त्या अभ्यासात नाहीतच, आणि ती नाहीत हे पण त्यात लिहिलेलं नसतं.

आता फोन बऱ्याच घरात आलाय. "असर 2024" ने 14 ते 16 वर्षांच्या मुलांना विचारलं, त्यात 82 टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो, पण मागच्या आठवड्यात अभ्यासासाठी वापरला असं सांगणारी 57 टक्के आणि सोशल मीडियासाठी 76 टक्के. हा आकडा वर्तमानपत्रात आला की सगळे मुलांना दोष देतात. मी माझ्याकडच्या मुलांना बघते, ती युट्यूबवर कोरकू गाणी लावतात, लग्नातल्या डीजेची, पाठ करतात, त्यावर नाचतात, आपल्या भाषेतलं काहीतरी पडद्यावर दिसलं याचा त्यांना केवढा आनंद असतो. अभ्यासाचं त्यांच्या भाषेत काय आहे त्या फोनवर? काहीच नाही. मग ती गाणी बघणार नाही तर काय बघणार. पण तुमच्या फॉर्ममध्ये कोणत्या भाषेत बघता याला पर्याय असतात मराठी, हिंदी, इंग्रजी, इतर. आमची अख्खी मुलं "इतर" मध्ये. आणि फोन घरात आहे का हा प्रश्न असतो, तो सकाळी वडिलांच्या खिशात बसून कामावर जातो का, हा प्रश्न नसतो.

पाचवी तक्रार लहान आहे पण मला टोचते. तुमच्याबरोबर गावातली शिकलेली पोरं दुभाषी म्हणून फिरतात, बारावी झालेली, बीए करणारी. खरं काम तीच करतात, प्रश्न कोरकूत फिरवतात, उत्तर परत मराठीत आणतात, कुठला प्रश्न म्हाताऱ्या माणसाला विचारायचा नाही ते तुम्हाला सांगतात. त्यांना दिवसाची मजुरी मिळते. पेपरवर त्यांचं नाव कधी असतं का? त्यांच्या बायोडाटात लिहायला एक प्रमाणपत्र तरी?

आता मूळ मुद्दा, जे लिहिता ते परत येत नाही, हा.

हे आजचं नाहीये. 1956 साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने शेतकऱ्यांसाठी रेडिओ मंडळं काढली होती, पाच जिल्ह्यांतली 150 गावं, लोक एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचे, चर्चा करायचे, ठरवायचे आणि आपले प्रश्न आकाशवाणी केंद्राला कळवायचे. सगळं मराठीत. त्याचा अभ्यास टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने केला, रेडिओमुळे गावात माहिती कशी वाढते, माणसं कशी बोलती होतात हे त्यात निघालं, आणि त्याचा अहवाल 1959 ला युनेस्कोने इंग्रजीत छापला. गरीब देशांत माध्यम आणि शिक्षण यावर काम करणाऱ्यांना आजही तो प्रयोग माहीत असतो. मी डी.एड. केलं, बी.एड. केलं, महाराष्ट्रातल्या शिक्षकांना हे कुणी शिकवलं नाही. पुढे 1975-76 मध्ये साइट नावाचा उपग्रह टीव्हीचा प्रयोग झाला, सहा राज्यांतली 2,400 गावं, त्याचंही मूल्यमापन झालं, ते पण इंग्रजीत. सत्तर वर्षं आमची खेडी अभ्यासाला मोकळी आहेत आणि निष्कर्ष मात्र शहरातच राहतात.

आणि ज्याचा अभ्यास पुन्हा पुन्हा होतो त्यातलं पुष्कळसं आधीच माहीत आहे. लहान मुलाला शिकायला सगळ्यात चांगली भाषा म्हणजे त्याची मातृभाषा, हे युनेस्कोच्या तज्ज्ञांनी 1953 मध्ये लिहून ठेवलंय. नायजेरियात इफे इथे 1970 ला प्रयोग सुरू झाला, सहा वर्षं प्राथमिक शिक्षण योरुबा भाषेत दिलं, इंग्रजी एक विषय म्हणून नीट शिकवली, तर ती मुलं बाकी विषयात तर पुढे होतीच पण इंग्रजीतही मागे पडली नाहीत. हे एक वाक्य, इंग्रजीतही मागे पडली नाहीत, माझ्या शाळेतल्या पालकांनी ऐकलं असतं तर किती फरक पडला असता! कारण आपली भाषा शाळेत आली तर पोरगं मागे राहील हीच त्यांची भीती आहे, आणि ती भीती खरी आहे, त्यांनी आयुष्यभर भाषेपायी बोलणी खाल्लीयेत. त्यांच्यासमोर पुरावा ठेवायचं काम तुमचं होतं. आपल्याच देशात ओडिशात 2006 पासून आदिवासी भाषांमधून बहुभाषिक शिक्षणाचा कार्यक्रम चाललाय, त्यातून काय जमलं, काय फसलं, हे मला मराठीत कुठे वाचायला मिळेल?

पुरावा लोकांच्या हातात नसला की काय होतं ते पण बघा. फिलिपिन्सने 2013 मध्ये कायदा करून सुरुवातीच्या वर्गांत मातृभाषा माध्यम आणलं आणि ऑक्टोबर 2024 मध्ये दुसरा कायदा करून त्याची सक्ती काढूनही टाकली. गडचिरोलीत मोहगावच्या ग्रामसभेने 2019 मध्ये गोंडी माध्यमाची शाळा स्वतःच्या हिमतीवर काढली तर तिला अनधिकृत म्हणून नोटीस आली. संविधानाचं कलम 350 क आहे, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करा असं सांगणारं, शिक्षण हक्क कायदा 2009 म्हणतो की शक्य असेल तिथे शिकवायची भाषा मुलाची मातृभाषा असावी, 2020 चं शैक्षणिक धोरण पण तेच म्हणतं. कायदा बाजूने, संशोधन बाजूने, आणि गावाला दोन्हीचा कागद मिळत नाही.

मागच्याच वर्षाचं घ्या. 16 एप्रिल 2025 चा जीआर आला, पहिलीपासून तिसरी भाषा हिंदी, 17 जूनला तो बदलला, 29 जूनला सगळं मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधवांची समिती नेमली. दोन-अडीच महिने महाराष्ट्र पेटला होता आणि मराठीसाठी लोक उभे राहिले याचा मला आनंदच आहे. पण त्या सगळ्या चर्चेत मेळघाटातलं मूल कुठेच नव्हतं. त्याच्यासाठी मराठी हीच दुसरी भाषा, 2000 सालापासून पहिलीला इंग्रजी आहे ती तिसरी, आणि हिंदी आली असती तर चौथी, सहा वर्षांच्या वयात. त्या वेळी तुमच्यापैकी ज्यांनी बहुभाषिक मुलांवर आयुष्यभर काम केलंय त्यांनी मराठीत, साध्या भाषेत लिहायला पाहिजे होतं. काहींनी लिहिलं, त्यांचे आभार. पण बाकीच्यांचं ज्ञान पैसे भरून उघडायच्या लिंकमागेच बसून राहिलं.

त्या लिंकबद्दलही बोलते. केंद्र सरकारने "वन नेशन वन सबस्क्रिप्शन" योजनेला नोव्हेंबर 2024 मध्ये मंजुरी दिली, तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, सुमारे 13,000 नियतकालिकं. चांगलं आहे. पण ती सोय सरकारी विद्यापीठं, महाविद्यालयं आणि संशोधन संस्थांसाठी आहे, जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षकाला त्यात प्रवेश नाही. ज्या वर्गातून माहिती गेली त्या वर्गातल्या शिक्षकाला ती वाचता येत नाही, तो पैसा जनतेचा असूनही.

तुमच्या बाजूची अडचण मला दिसत नाही असं नाही. इंग्रजीत छापलं तरच प्रमोशन, मराठीत लिहिलेल्याला गुण नाहीत, प्रकल्पाला मुदत, गाईडचा दबाव, हे पीएचडीच्या मुलांनीच मला सांगितलंय. पण हे बदलता येतं. ब्राझीलने 1998 मध्ये सायेलो नावाची व्यवस्था सुरू केली, त्यांच्या स्वतःच्या पोर्तुगीज भाषेतलं आणि शेजारच्या देशांचं स्पॅनिशमधलं संशोधन सगळ्यांना फुकट वाचायला मिळतं. दक्षिण आफ्रिकेतल्या सॅन या आदिवासी लोकांनी तर 2017 मध्ये संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता लिहिली, आदर, प्रामाणिकपणा, न्याय, काळजी, आणि यायचं तर आधी आमच्याशी ठरवून मगच या. त्यांच्यावरही वर्षानुवर्षं अभ्यास होत होते. ते करू शकतात तर आमची ग्रामसभा पण करू शकते, धारणी आणि चिखलदरा अनुसूचित क्षेत्रात आहेत, इथे पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभेला अधिकार देणारा कायदा, लागू आहे.

आणि काम कसं व्हायला पाहिजे ते मी एकदा बघितलंय. एक पीएचडी करणारी मुलगी आली होती, अभ्यास झाल्यावर परत आली, कुणी बोलावलं नव्हतं. शाळा व्यवस्थापन समितीत बसून तिने तिच्या नोंदी सांगितल्या, गावातल्या एका पोराने त्या कोरकूत सांगितल्या. तिने एवढंच दाखवलं की सकाळी पहिल्या तासाला मुलं किती बोलतात आणि दुपारी किती, आणि शिक्षक कोणत्या भाषेत बोलला की किती. त्यात मीही होते, माझ्या तासाची नोंद पण होती. बैठकीतले आजोबा म्हणाले मग सकाळी आमची एक म्हातारी पाठवतो गोष्ट सांगायला. तेव्हापासून आमच्याकडे पहिलीच्या वर्गात दिवसाची सुरुवात कोरकू गोष्टीने होते आणि मग तीच गोष्ट मराठीत. पहिलीतली मुलं शाळेत रडायची कमी झाली हे मी डोळ्यांनी बघितलं. याला फार पैसा लागला नाही, तिला फक्त परत यावं लागलं.

तर आमच्या मागण्या अशा आहेत.

संशोधकांकडे मागणी की अभ्यास संपल्यावर दोन ते चार पानी मराठी सारांश आणि मुलांच्या भाषेतलं दहा मिनिटांचं ध्वनिमुद्रण त्या त्या गावाला द्या, आणि शक्य असेल तर स्वतः येऊन ग्रामसभेत सांगा. ध्वनिमुद्रण यासाठी की कोरकू लिहिणारे-वाचणारे कमी आहेत पण व्हॉट्सअपवर ऐकणारे सगळे आहेत. चाचणी मुलाच्या भाषेत घ्या, नाही जमलं तर निष्कर्षात पहिल्याच पानावर लिहा की ती दुसऱ्या भाषेत घेतली. फॉर्ममध्ये कोरकू, गोंडी, भिली, वारली, कातकरी, अहिराणी यांचं नाव लिहा, इतर म्हणू नका. स्थलांतराचे महिने टाळा. दुभाष्यांची नावं छापा.

निधी देणाऱ्यांकडे, म्हणजे भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद असो, विद्यापीठ असो की खाजगी ट्रस्ट, मागणी एकच, निष्कर्ष परत नेण्याचा खर्च बजेटमध्ये वेगळ्या ओळीवर धरा आणि तो कागद गावात पोचल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.

विद्यापीठांनी भारतीय भाषेतल्या लेखाला इंग्रजी लेखाइतकेच गुण द्यावेत. आमच्याच जिल्ह्यात रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ उभं राहिलंय, शिक्षणावरच्या अभ्यासांचे मराठी सारांश एका जागी सगळ्यांना फुकट मिळतील हे काम त्यांनी हातात घ्यावं, आणि त्यात फक्त मराठी मुलांचा विचार नको, मराठी शिकणाऱ्या कोरकू मुलांचा पण हवा.

शिक्षण विभागाकडे, जे आम्हाला पत्र पाठवतात की अमुक संस्थेला सहकार्य करावे. त्या पत्रात एक अट घाला, सारांश मराठीत जमा करणे बंधनकारक. तो डाएटकडे, म्हणजे जिल्ह्याच्या शिक्षक प्रशिक्षण संस्थेकडे ठेवा, केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत त्यावर तासभर चर्चा होऊ द्या, पुण्याहून एससीईआरटीचं, म्हणजे राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचं, "जीवन शिक्षण" मासिक निघतं त्यात दर महिन्याला एक सारांश छापा. आणि सहकार्य करावे या शब्दांत शिक्षकाला नाही म्हणायचा हक्क पण असू द्या, आम्ही पोषण आहार, ऑनलाइन माहिती, पायाभूत चाचण्या हे सगळं करून मुलांना शिकवतो, दिवसाचे तास तेवढेच आहेत.

ज्यांनी या भागात आधीच अभ्यास केलेत त्यांनाही एक विनंती. जुने अहवाल, टिपणं, रेकॉर्डिंग तुमच्याकडे पडून असतील. मेळघाटात कुपोषणावर, शिक्षणावर, भाषेवर इतकी वर्षं माणसं येतायत, त्या रेकॉर्डिंगमध्ये आमच्या मुलांच्या आज्यांच्या गोष्टी असतील, गाणी असतील, त्यातल्या कितीतरी बायका आता नाहीत. ते परत द्या. ज्यांनी सांगितलं त्यांच्या घरच्यांना विचारून आम्ही ते वर्गात वापरू.

शाळेचं नाव, यूडायस नंबर (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) आणि माझा फोन तुमच्या नमुन्यात भरलेला आहे, मीच भरून दिला होता. उन्हाळ्याच्या सुट्टीच्या आत जे काही मराठीत लिहून पाठवता येईल ते पाठवा. शाळा उघडल्यावर केंद्राची जी पहिली शिक्षण परिषद होईल तिच्यात ते सगळ्यांसमोर वाचायचं आम्ही शिक्षकांनी ठरवलंय, आणि ज्यांनी पाठवलं त्यांना आमचं काय म्हणणं आहे ते लेखी कळवू.

आपली,
जिल्हा परिषद शाळेतली एक शिक्षिका,
तालुका धारणी, जिल्हा अमरावती